मान्यतेचा अर्ज: पावत्या मोजण्याआधी ‘उपक्रम’ ठरवा

दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी युनियनच्या वर्गणीच्या पावती पुस्तकांनी भरलेली पिशवी घेऊन आमच्या टेबलाशी येतं. “साहेब, दोनशे पावत्या आहेत. युनियनला मान्यता मिळेल ना?” मी विचारतो, कितींपैकी दोनशे? मग सगळे एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतो पाचशे. कुणी म्हणतो, कंत्राटी धरले तर आठशे. रस्त्यापलीकडचा प्लांट धरायचा की नाही, यावर तिथेच वाद सुरू होतो. या पोरांनी रात्रपाळी संपल्यावर गेटवर उभं राहून एकेक सभासद जोडलेला असतो. आणि अर्ज पडतो तो सभासद कमी होते म्हणून नव्हे, तर छेदच, म्हणजे एकूण कामगारांचा आकडाच, चुकला म्हणून.

म्हणून या लेखाची सुरुवात छेदापासून आहे. मालकाशी करार करण्याचा हक्क तुम्ही नेमका कोणत्या कामगारांसाठी मागताय, आणि त्या समूहाची हद्द कायदा कशी आखतो, हे आधी. पावत्या त्यानंतर.

एक शब्द सुरुवातीलाच बाजूला करू. आपल्याकडे ‘युनिट’ म्हणजे त्या कंपनीतली युनियनची कमिटी. परदेशी लिखाणातलं ‘बार्गेनिंग युनिट’ म्हणजे ज्यांच्या वतीने करार होणार तो कामगारांचा समूह. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात, म्हणजे सगळे ज्याला एमआरटीयू म्हणतात त्यात, हा समूह ‘उपक्रम’ या शब्दाने ठरतो. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत तो ‘औद्योगिक आस्थापना’ या शब्दाने ठरतो. अर्जात हेच शब्द वापरा.

टप्पा १: कोणत्या कायद्याखाली मोजायचं ते ठरवा

तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

पहिला: तुमच्या उद्योगासाठी ‘योग्य सरकार’ राज्याचं की केंद्राचं? बँका, रेल्वे, मोठी बंदरं ही केंद्राकडे. एमआरटीयू फक्त राज्याच्या अखत्यारीतल्या उद्योगांना लागू होतो. तो महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यामुळे गोव्यात वेर्णा किंवा कुंडईत काम करणाऱ्यांनी त्यातले आकडे वापरू नयेत. त्यांनी थेट संहितेकडे जावं.

दुसरा: तुमच्या उद्योगाला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू आहे का? कापड, साखर असे उद्योग त्यात येतात. तिथे एकक कारखाना नसतो, तर एका स्थानिक क्षेत्रातला तो संपूर्ण उद्योग असतो, आणि ‘प्रातिनिधिक संघ’ ठरतो तो त्या पातळीवर. तुमच्या गिरणीत तुमचं शंभर टक्के बळ असलं तरी क्षेत्रात नसेल तर उपयोग नाही. अशा उद्योगांना एमआरटीयूचं मान्यतेचं प्रकरण लागूच होत नाही.

तिसरा: उपक्रमात मागच्या बारा महिन्यांत निदान एका दिवशी ५० किंवा जास्त कामगार होते का? नसतील तर मान्यतेचं प्रकरण लागू नाही. सरकार अधिसूचना काढून ते छोट्या उपक्रमांना लावू शकतं, पण तशी अधिसूचना हातात असल्याशिवाय ती धरून चालू नका.

सावध: २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिने १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा रद्द केला. त्या यादीत एमआरटीयूचं नाव नाही. पण एकाच विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा विसंगत ठरला की राज्यघटनेचा अनुच्छेद २५४ पुढे येतो (विसंगतीपुरता साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ), आणि मालकाचा वकील हा मुद्दा पहिल्याच तारखेला काढणार हे धरून चाला. म्हणून दोन्ही मोजण्या तयार ठेवा, आणि अर्ज कुठे करायचा याबद्दल वकिलाचं लेखी मत घेऊनच सही करा. पुढे दोन्ही आकडे देतोय.

टप्पा २: उपक्रमाची हद्द आखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

एमआरटीयूच्या व्याख्येनुसार उपक्रम म्हणजे उद्योगातली एक संस्था. एकाच मालकाच्या अनेक संस्थांचा गट एक उपक्रम धरायचा असेल, तर राज्य सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. याचा सरळ अर्थ असा, की मालक एक आहे म्हणून चाकण, रांजणगाव आणि तळेगावचे तीन कारखाने आपोआप एक उपक्रम होत नाहीत. अधिसूचनेशिवाय तिन्हीकडच्या पावत्या एकत्र बेरीज केल्या की अर्जाचा पायाच जातो.

उलटही घडतं. एकाच कुंपणात दोन शेड असतात. दुसऱ्या शेडला मालकाने वेगळं लायसन्स घेतलेलं असतं, आणि तो सांगतो की या दोन वेगळ्या कंपन्या. खरंच वेगळ्या आहेत का, ते तपासायला सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या असोसिएटेड सिमेंट प्रकरणात कसोट्या दिल्या. चाईबासाचा सिमेंट कारखाना आणि राजंकाची चुनखडीची खाण ही एकच आस्थापना आहे का, असा प्रश्न होता. वाद ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या, भरपाईचा होता, मान्यतेचा नव्हता, पण कसोट्या आजही सगळीकडे लावल्या जातात. मालकी एक आहे का? व्यवस्थापन आणि नियंत्रण एक आहे का? पैसा एकाच तिजोरीतून येतो का? नोकरीच्या अटी आणि कामगारांची भरती एक आहे का? एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं का? दोन्ही जागा जवळ आहेत का? हेतू एक आहे का? न्यायालयाने हेही सांगितलं की यातली कुठलीही एक कसोटी सगळीकडे निर्णायक नसते. त्या प्रकरणात खाण आणि कारखाना एकच आस्थापना ठरली.

या कसोट्या कागदांवर सिद्ध करायच्या असतात, भाषणावर नाही. गोळा करा: फॅक्टरी लायसन्सच्या प्रती, पीएफ आणि ईएसआयसीचे कोड, दोन्ही शेडच्या पगारपत्रकाच्या स्लिपा, स्थायी आदेश (कंपनीचे नोकरीचे नियम), गेटपास, माल एका शेडमधून दुसरीकडे जातानाची चलनं, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे बदलीपत्रं. एका प्रकरणात दोन शेडच्या मध्ये पालिकेचा रस्ता होता आणि व्यवस्थापन ठामपणे सांगत होतं की संबंध नाही. एका ऑपरेटरने पाकिटात चौकोनी घडी घालून ठेवलेलं बदलीपत्र काढलं. त्यावर एकच ओळ कामाची होती: ‘आपली सेवा अखंड धरली जाईल.’ घडीवर अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. त्या एका ओळीने जे झालं ते आमच्या दहा पानांनी झालं नसतं. कामगारांना आजच सांगा, कंपनीने दिलेला कुठलाही कागद फेकू नका.

आता उलट दिशेची चूक. “पेंट शॉपमध्ये सगळे आपलेच आहेत, तेवढ्यापुरती मान्यता घेऊ.” असं होत नाही. एका उपक्रमात एकच मान्यताप्राप्त संघटना, हा नियम आहे. खात्यावार तुकडे पाडता येत नाहीत. हा गैरसमज बहुधा अमेरिकेतल्या बातम्यांतून येतो. तिथे १९३५ च्या कायद्याखाली राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ प्रत्येक वेळी ‘योग्य’ समूह ठरवतं आणि कामगारांचे हितसंबंध किती समान आहेत ते बघतं. डिसेंबर २०२२ च्या अमेरिकन स्टील निर्णयानंतर छोट्या गटालाही तिथे वाव वाढला. तिथल्या भावाबहिणींनी त्यांच्या कायद्याने जावं. आपल्या अर्जात त्या तर्काला जागा नाही.

संहितेत एक वेगळी बाब आहे. एखाद्या संस्थेत अनेक कामं चालतात आणि त्यातलं एखादंच ‘उद्योग’ असतं. ते वेगळं काढता येण्यासारखं असेल तर ती स्वतंत्र औद्योगिक आस्थापना धरतात. मुख्य काम उद्योगाचं असेल आणि बाकीची त्याला जोडूनच असतील, तर सगळी मिळून एक. शिक्षणसंस्थेचा छापखाना, देवस्थानची डेअरी अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

तपासा: हद्द एका कागदावर, एका वाक्यात लिहा. ‘अमुक कंपनीचा, अमुक प्लॉटवरील कारखाना, अमुक गोदामासह.’ कमिटीतल्या पाच जणांना वेगवेगळं विचारा. पाचांचं उत्तर एकच येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: हद्दीच्या आत कोण मोजायचा

हद्दीतला प्रत्येक माणूस छेदात येत नाही. जो कायद्याने कामगार आहे तोच येतो.

सुपरवायझर. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे बाहेर. देखरेखीचं काम करणारे, ज्यांचं वेतन मर्यादेपेक्षा जास्त आहे, तेही बाहेर. जुन्या कायद्यात ही मर्यादा महिना १०,००० रुपये होती, संहितेत १८,००० आहे. पण ती फक्त देखरेखीच्या कामाला लागते. चाळीस हजार पगाराचा फिटर फिटरच राहतो, तो कामगारच आहे. नेमणूकपत्रावरचं नाव बघून कुणाला काढू किंवा घालू नका. सिबा गायगी प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हेच बघितलं, की माणसाचं मुख्य काम काय आहे. ‘टीम लीडर’ म्हणून नेमलेला मुलगा दिवसभर मशीनवर उभा असेल, तर त्याच्या उत्पादनाच्या शीटची प्रत ठेवा.

शिकाऊ आणि ट्रेनी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेले आयटीआयचे मुलगे छेदात नाहीत आणि अंशातही नाहीत. मात्र कंपनीने स्वतःच ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलेला आणि प्रत्यक्षात पूर्ण पाळी उत्पादन काढणारा मुलगा वेगळा. त्याचा करारनामा मागून बघा.

ठरावीक मुदतीचे कामगार. मुदत आहे म्हणून ते कामगार नाहीत असं होत नाही. हजेरीपटावर आहेत तर मोजा.

कंत्राटी कामगार. हा प्रश्न मनाला लागणारा आहे. तेच मशीन, तीच पाळी, तोच घाम, आणि पगार निम्मा. पण मान्यतेच्या अर्जात त्यांना कंपनीचे कामगार म्हणून मोजलंत, तर मालक म्हणेल हे माझे नव्हेत. सिप्ला प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालक-कामगार नातंच वादात असेल तर ते एमआरटीयूखालच्या कार्यवाहीत ठरवता येत नाही, आधी योग्य ठिकाणी सिद्ध करून आणा. तो अनुचित प्रथेच्या तक्रारीचा निकाल होता, पण मालकाचा वकील तोच पुढे ठेवतो आणि तुमचा अर्ज वर्षभर अडकतो. म्हणून दोन याद्या करा. वाद नसलेले कामगार अर्जात. कंत्राटींचा लढा वेगळ्या अर्जाने, वेगळ्या तारखेला, आणि मागणीपत्रात त्यांचं कलम पहिल्या पानावर. हिशेबातून वगळले म्हणजे संघटनेतून वगळले नव्हेत, हे त्यांना गेटवर उभं राहून स्वतः सांगा. ते ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास टिकत नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे टोकन नंबर, खातं, प्रत्यक्ष काम आणि रुजू तारीख. ‘वादग्रस्त’ असा एक वेगळा रकाना ठेवा. तो रकाना पूर्णपणे मालकाच्या बाजूने गेला तरी तुमची टक्केवारी टिकते का, हे बघा.

टप्पा ४: सहा महिन्यांचा तक्ता

एमआरटीयूच्या कलम ११ प्रमाणे अर्जाच्या महिन्याच्या लगतच्या आधीचे सहा कॅलेंडर महिने, पूर्ण काळ, उपक्रमातल्या एकूण कामगारांपैकी निदान ३० टक्के सभासद हवेत. सहा महिन्यांची सरासरी नव्हे, शेवटच्या महिन्याचा आकडाही नव्हे. प्रत्येक महिना.

अर्ज ऑक्टोबरमध्ये केला तर एप्रिल ते सप्टेंबर. १ तारखेला करा की ३१ ला, महिने तेच.

समजा एप्रिलमध्ये कामगार १९८. तीस टक्के म्हणजे ५९.४, म्हणून ६० हवेत. जूनमध्ये भरती होऊन २१४ झाले. आता ६५ लागतील. ऑगस्टमध्ये काही सोडून गेले, २०६ राहिले, ६२ हवेत. बहुतेक लोक एप्रिलचा आकडा धरून बसतात आणि जूनमध्ये पाच सभासदांनी कमी पडतात. भरतीचा महिना दिसला की त्याच आठवड्यात नव्या मुलांकडे जा.

तीस टक्क्यांची रेषा २० एप्रिलला ओलांडली असेल तर एप्रिल धरू नका. मे ते ऑक्टोबर मोजा आणि नोव्हेंबरमध्ये अर्ज करा. एक महिना थांबणं, अर्ज फेटाळला जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

संहितेची मोजणी वेगळी. आस्थापनेत नोंदलेली एकच संघटना असेल तर विहित निकषांवर मालकाने तिला वाटाघाटी करणारी संघटना म्हणून मान्यता द्यायची. एकाहून जास्त असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली एकमेव संघटना. २१४ कामगारांत त्याला ११० लागतात. कुणालाच ते जमलं नाही तर वाटाघाटी परिषद बनते. तिच्यात किमान २० टक्के, इथे ४३ कामगार, पाठीशी असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी बसतात, दर २० टक्क्यांमागे एक, आणि वरच्या उरलेल्या हिश्श्याचीही दखल घेतात. ही मान्यता ३ वर्षांची असते, आणि दोघांच्या संमतीने एकूण ५ वर्षांपर्यंत जाते.

म्हणजे ६५ सभासद असलेली संघटना एका कायद्याने एकटी मान्यता मागू शकते, आणि दुसऱ्याने परिषदेत फक्त जागा मिळवते. तक्त्यात ३०, २० आणि ५१ टक्क्यांचे तिन्ही रकाने ठेवायचे ते यासाठी.

टप्पा ५: पावत्या

आता पिशवी उघडा.

वर्गणी महिन्याला निदान ५० पैसे हवी. कुणी इतकी कमी ठेवत नाही, पण कायद्याची किमान अट तेवढीच आहे. एखाद्या महिन्याची वर्गणी तो महिना संपल्यापासून तीन महिन्यांत आली नाही तर ती थकीत. मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त काळ थकबाकी राहिली, तर तो माणूस त्या वेळी सभासद धरला जात नाही. या सवलतीवर विसंबू नका. पगाराच्या आठवड्यात वर्गणी घ्या, त्याच दिवशी पावती द्या, त्याच दिवशी रोकडवहीत चढवा आणि आठवड्याच्या आत बँकेत भरा.

सावध: मागच्या तारखांच्या पावत्या कधीही फाडू नका. सभासदसंख्या पडताळायला आलेला तपास अधिकारी पावती पुस्तक हातात घेतो तेव्हा तो नावं नंतर वाचतो. आधी क्रम बघतो, शाई बघतो, घडी बघतो. मी एक पुस्तक पाहिलंय ज्यात एप्रिल ते सप्टेंबरच्या पावत्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या. रोकडवहीत त्या तारखांना एक पैसाही नव्हता. खरे सभासद त्या संघटनेकडे पुरेसे होते. पण त्या एका पुस्तकाने बाकीच्या खऱ्या पावत्याही संशयात आल्या, आणि अर्ज मागे घ्यावा लागला.

टप्पा ६: संघटनेची घटना आणि दप्तर

इथे दोन गोष्टी लागतात: एमआरटीयूच्या कलम १९ मधल्या तरतुदी घटनेत लिहिलेल्या असणं, आणि त्या प्रत्यक्ष पाळलेल्या असणं. किमान वर्गणी, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांहून जास्त अंतर न पडता, सगळे ठराव इतिवृत्तात, हिशेब सरकारी तपासनिसाला खुले. दोन बैठकांमध्ये चार महिन्यांचं अंतर पडलेलं असेल तर इतिवृत्त ‘दुरुस्त’ करू नका. बैठका नियमित घ्या आणि मग अर्ज करा.

अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांत संघटनेने बेकायदा संपाला चिथावणी किंवा मदत दिली असेल तर मान्यता मिळत नाही. उत्स्फूर्त काम बंद झालं असेल तर त्या दिवशी संघटनेने कामगारांना काय सांगितलं, त्याचा लेखी पुरावा हवा.

टप्पा ७: समोरच्या संघटनेची ताकद मोजा

हे कुणीच करत नाही. तुम्ही ३२ टक्क्यांवर अर्ज केलात. न्यायालयाने नोटीस लावली. समोरची संघटना पुढे आली आणि म्हणाली, आमचे ४० टक्के. ती संघटना तुमच्याच महिन्यात अर्ज केल्याप्रमाणे धरली जाते, आणि अटी पूर्ण करत असेल तर प्रमाणपत्र तिला मिळतं. तुम्ही दार उघडलंत, आत दुसरं गेलं.

आधीच मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिच्या मान्यतेला दोन वर्षं होईपर्यंत अर्ज घेतला जात नाही. तुमचाच आधीचा अर्ज निकाली निघाला असेल तर एक वर्ष थांबावं लागतं. म्हणून अपुऱ्या तयारीचा अर्ज म्हणजे वर्षाचं नुकसान.

टप्पा ८: दाखल केल्यावर

फी पाच रुपयांपेक्षा जास्त नाही. खर्च दप्तराचा असतो. प्राथमिक छाननीनंतर औद्योगिक न्यायालय उपक्रमाच्या नोटीस बोर्डावर नोटीस लावतं आणि मालक, इतर संघटना व कामगार यांच्याकडून हरकती मागवतं. नोटीस लागली त्याच दिवशी तिचा तारखेसह फोटो घ्या. सगळ्या गेटवर लागली का ते पाहा.

मालक बहुधा छेद वाढवायला बघतो. कार्यालयातले, गोदामातले, दुसऱ्या गावच्या विक्री विभागातले कामगार यादीत घालतो. तिथे टप्पा २ ची फाइल आणि टप्पा ३ चा ‘वादग्रस्त’ रकाना कामाला येतो. हरकत प्रत्येक नावावर, कारणासह घ्या. ‘यादी चुकीची आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

“भांडण कशाला, गुप्त मतदान घेऊन टाकू,” असं दोन्ही बाजू कधी कधी ठरवतात. एमआरटीयूखाली ते चालत नाही. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स प्रकरणात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पक्षकारांच्या संमतीने कायद्यातली सभासद पडताळणी बाजूला ठेवता येत नाही. त्यात महिने घालवू नका.

निकाल शक्यतो तीन ते चार महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. जास्त वेळ लागेल असं धरून वर्गणी चालू ठेवा. अर्ज दाखल झाल्यावर पावती पुस्तक कपाटात गेलं की सभासद ढिले पडतात आणि मालक नेमका तेव्हा बोलावून घेतो.

तपास अधिकारी येण्याच्या दिवशी टेबलावर या क्रमाने मांडा: हद्दीचा कागद, कामगारांची यादी, सहा महिन्यांचा तक्ता, सभासद नोंदवही, पावती पुस्तकं क्रमाने, रोकडवही, बँकेचं पासबुक, इतिवृत्त. प्रत्येक पाळीतले दोन सभासद हजर ठेवा. त्यांना पढवू नका, फक्त एवढं सांगा की विचारलं तर आपली वर्गणी कधी, कुणाकडे आणि किती भरली ते आठवेल तसं खरं सांगायचं.